मागचं रीडिंग

छाणीच्या पुढे, टायरच्या गोदामामागे
पत्र्याच्या शेडखाली सत्तावीस कुत्री
आणि एकच पंखा, तोही त्यांच्याकडे वळवलेला.
फाल्गुनीबेननं फॉर्म पुढे सरकवला:
जात, देशी. वय, अंदाजे चार.
नाव,
आणि तिथे एक आडवी रेघ.

बत्तीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
दांडिया बाजार, नवापुरा, वाडीतल्या साऱ्या पोटगल्ल्या.
घरं मला नंबरांनी नाही, कुत्र्यांनी पाठ होती:
मोहित्यांचं नुसतंच भुंकतं,
पटेलांचं भुंकत नाही, ते वाईट.
उजव्या पोटरीवर अजून तीन दातांची सही आहे,
चौथा पँटीनं वाचवला.
असा मी, आणि निघालो कुत्रं आणायला.
इंदुमती म्हणाली, पेन्शन लागली की माणसाला काहीही सुचतं.

रिक्षात तो बाहेर बघत राहिला.
मानेभोवती एक बारीक गोल,
जिथे केस उगवायचे थांबलेत.
म्हणजे पट्टा होता.
म्हणजे कुणीतरी दोन बोटं आत घालून
बघितलं असेल, फार आवळत तर नाही ना.
घरी आल्यावर त्यानं माझी पोटरी हुंगली,
नेमकी उजवी,
बराच वेळ,
जणू माझाही फॉर्म वाचत होता.

मीटरच्या वहीत तीन रकाने असतात:
मागचं रीडिंग, आताचं रीडिंग, फरक.
मागचं नसेल, घर बंद असेल,
तर सरासरी लावायची आणि पुढच्या दाराकडे वळायचं.
मीही सरासरीनंच सुरुवात केली.
मोती. टॉमी. शेरू. राजा.
कान हलला नाही.
मग माळ्यावरच्या जुन्या डायऱ्या काढल्या,
रोज दुपारी पाच-पाच नावं,
चिमणलाल, जशभाई, रणछोड,
अगदी शिर्के आणि घोरपडेसुद्धा.
"ग्राहकांना कशाला बोलावता घरात?"
तिनं आपलं परस्पर ठोंब्या ठेवून टाकलं.
ठोंब्या म्हटलं की येतो,
पण येतो तो ताटलीकडे.
'बस' म्हटलं की जागीच थांबतो, पुरे असं ऐकतो,
'बेस' म्हटलं की बसतो.
चार पिढ्या इथे काढल्या आम्ही,
घरात लाडाचं गुजराती
पहिल्यांदाच बोलावं लागतंय.

आश्विनात, सूरसागराच्या काठी,
चहाच्या गाडीवरचा म्हातारा पोऱ्यावर ओरडला:
"एय मंगा, पाणी लाव!"
पोऱ्या वळला.
आणि माझ्या मनगटाला हिसका बसला.
हाही वळला होता, अख्खा, शेपटीसकट.
पोऱ्याचे हात हुंगले, म्हाताऱ्याची चप्पल हुंगली,
मग शेपूट हळूहळू खाली आली.
हे ते नव्हेत.
मी चहाचे पैसे दिले, चहा न पिता.

रात्री इंदुमती झोपल्यावर
दिवा न लावता म्हटलं, मंगा.
फरशीवर नखं वाजली.
उठला होता.
डोळे सरावले तेव्हा दिसलं,
हाक मी मारली होती
आणि तो बघत होता दाराकडे.

पोटरीपेक्षा जरा वर लागलं कुठेतरी.

दार उघडलं. साखळी घेतली नाही.
जायचंच असेल तर, म्हटलं, आणि वाक्य तिथेच सोडलं.
तो पायरीवर बसला, मग मीही बसलो, गुडघे कुरकुरले.
एक स्कूटर आली, गल्लीत न थांबता गेली,
तिचा आवाज त्यानं कोपऱ्याच्याही पुढेपर्यंत ऐकला.
वाट कुणाची बघायची ते त्याला ठाऊक होतं,
मला फक्त सोबत बसायचं होतं.
ते नाव मी पुन्हा घेतलं नाही.
ते माझ्या हातचं रीडिंग नव्हे.

किती वाजले होते कोण जाणे,
तो उठला, माझ्या मांडीवरून ओलांडून आत गेला.
मागून पाणी पिण्याचा आवाज यायला लागला,
चपक, चपक,
आणि मी सवयीनं मोजू लागलो.